बाजार उठतानाचा भाव

‘ग्राहक थेट शेतकऱ्याच्या पाटीपर्यंत पोहोचला की शोषण आपोआप संपतं.’ गेल्या हिवाळ्यात नांदेडला शेतमालाच्या बाजारावर एक परिसंवाद झाला. त्यात हे वाक्य ऐकलं आणि ते अजून मनातून गेलेलं नाही. बोलणारे गृहस्थ माझे मित्र आहेत, सज्जन आहेत, तळमळीचे आहेत. शनिवार-रविवारी नांदेड-लातूरची कुटुंबं माहूर-किनवटच्या डोंगरी गावांतल्या आठवडी बाजाराला न्यायची आणि पिकवणाऱ्यांकडून, रानातून माल आणणाऱ्या बायांकडून थेट खरेदी करायला लावायची, असा उपक्रम ते चालवतात. रेणुकेचं दर्शन, सहस्रकुंडाचा धबधबा आणि बाजार, असा दोन दिवसांचा बेत. त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. त्यांच्या वाक्यावर आहे, कारण ते खरं मानलं तर मूळ प्रश्न कायमचा झाकला जातो.

त्याच व्यासपीठावर दुसरे एक वक्ते होते. त्यांचं म्हणणं अगदी उलट. आठवडी बाजार ही रस्ते नव्हते तेव्हाची सोय. आता मोबाइलवर देशभरचे भाव दिसतात, ऑनलाइन लिलावाचं ई-नाम आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. उन्हात पाटी घेऊन बसलेली बाई हे आपल्या नियोजनाचं अपयश आहे. यांना उत्तर देणं सोपं आहे, म्हणून ते आधी उरकतो. ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालं. त्यात उतरायचं तर माल सहसा बाजार समितीच्या आवारात न्यावा लागतो, त्याची प्रत ठरावी लागते, लिलाव पुकारण्याइतका ढीग असावा लागतो. दोन पाट्या सीताफळं, फडक्यात बांधलेली चारोळी, चार गावठी कोंबड्या आणि पायलीभर तूर यांचा लिलाव कोण पुकारणार? लहान मालाला लहानच बाजार लागतो, आणि मराठवाड्याच्या डोंगरी पट्ट्यात बहुतेकांचा माल लहानच असतो. शिवाय बाजाराला माणसं केवळ विकायला जात नाहीत. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आदिवासी, ग्रामीण आणि नागरी भागांत आठवडी बाजार काय काम करतात याचा अभ्यास केला, तो डेक्कन कॉलेजने १९७० साली प्रसिद्ध केला. नातेसंबंध आणि कुटुंबसंस्था यांवर आयुष्यभर काम केलेल्या इरावतीबाईंना बाजार अभ्यासावासा का वाटला, हे कळायला एक दिवस तिथे बसणं पुरेसं आहे. लेकीचा निरोप तिथेच येतो, सोयरिकीची पहिली बोलणी तिथेच होतात, तहसीलच्या तारखेला कोण जाणार हेही तिथेच ठरतं. हे काम कुठल्याही पडद्यावर होणार नाही.

म्हणजे बाजार टिकला पाहिजे, इथपर्यंत मी सहल नेणाऱ्या मित्राच्या बाजूचा आहे.

हे बाजार जिथे भरतात त्या माहूर-किनवटच्या पट्ट्याचा इतिहास नांदेडमध्ये राहणाऱ्यांनाही फारसा ठाऊक नसतो. किनवट तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत गाडी पुढे निघाली की काळ्या रानाचा सपाट मराठवाडा मागे पडतो, सागाचं जंगल लागतं, आणि गोंड, कोलाम, आंध, परधान यांची गावं व बंजारा तांडे सुरू होतात. बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू, गोरमाटी आणि दखनी हिंदी एकाच ओळीत ऐकू येतात. वाई बाजार, उमरी बाजार अशी गावांची नावंच सांगतात की इथे वस्तीइतकाच बाजार महत्त्वाचा होता. अजूनही बसायच्या जागेचा कर ‘तैबाजारी’ याच निजामी नावाने मागितला जातो.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. बाजारावर विचार करताना मला फेर्नां ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराइतका आधार कुणाचा वाटत नाही. त्याला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण आपल्याकडच्या वादात तो जवळजवळ कुणी आणत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना भूमध्य समुद्रावरच्या आपल्या अजस्र ग्रंथाचा मसुदा त्याने बव्हंशी स्मरणातून लिहून काढला. तो हाच ब्रोदेल. पुढे १९७९ साली त्याचा भौतिक संस्कृती आणि भांडवलशाही यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात त्याने अर्थव्यवहाराचे तीन मजले कल्पिले. तळाला रोजचं जगणं: भाकरी, बी-बियाणं, चूल, अंगमेहनत, आपसातली देवाणघेवाण. मधल्या मजल्यावर बाजार: गावचा आठवडी बाजार, दुकानं, जत्रा. वरच्या मजल्यावर भांडवलशाही. ब्रोदेलचा खरा धक्का असा की मधला आणि वरचा मजला त्याने एकमेकांचे विरोधक ठरवले. बाजार उघडा असतो. कुणी किती माल आणला, कुणाला काय भाव मिळाला, हे सगळ्यांसमोर असतं. भांडवलशाहीला हा उजेड नको असतो. ती साखळी लांबवते, पिकवणारा आणि खाणारा यांच्यामधली माहिती फक्त स्वतःकडे ठेवते, स्पर्धा टाळते. ब्रोदेल तिला बाजारविरोधी म्हणतो.

महाराष्ट्रातल्या शेतीच्या वादात हा भेद कुणी पाळलेला नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या लुटीची सगळी यंत्रणा उघडी पाडली. जवळजवळ शंभर वर्षांनी, चाकणच्या कांदा आंदोलनातून, शरद जोशींनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आणला. त्यानंतरची सगळी मांडणी ‘बाजार मोकळा करा’ आणि ‘बाजार म्हणजेच लूट’ या दोन टोकांत वाटली गेली. २०२० चे तीन कृषी कायदे आले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले गेले, तेव्हाही वाद याच दोन टोकांचा होता. दोन्ही बाजूंनी वाई बाजारची पाटी आणि देशभर गोदामं असलेली कंपनी यांना ‘बाजार’ हे एकच नाव दिलं. शरद जोशींबद्दल मला अपार आदर आहे. ते २०१५ साली गेले तेव्हा आपल्यातला शेवटचा मोठा शेती-अर्थशास्त्री गेला असं मला वाटलं आणि अजून वाटतं. पण हा भेद त्यांनीही केला नाही.

ब्रोदेलने दिलेले दाखले वाचताना मला सतत लातूर जिल्हा दिसतो. इंग्लंडमध्ये लंडनचे व्यापारी बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता शेतकऱ्याच्या घरी, खाणावळीत जाऊन सौदे करू लागले. कातरणीआधीच मेंढीच्या अंगावरची लोकर विकत घेतली जाऊ लागली, गहू शेतात उभा असतानाच. हॉलंडचे व्यापारी हेरिंग मासा समुद्रात असतानाच त्याचा भाव बांधून घेत. आपल्याकडे आंब्याचा मोहोर पाहून आमराई उक्ती दिली जाते, चिंचेचं झाड आकडे धरायच्या आत विकलं जातं. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. झाड ज्याने आधीच उक्तं घेतलं आहे, वाढीव भावही त्याच्याच घरात जातो.

बाजारातला उजेड आपोआप आलेला नाही, हेही ब्रोदेलमुळे कळतं. उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात दोन माणसांचे हात उपरण्याखाली जातात, बोटांवर बोटं दाबली जातात, आणि देवणी खोंडाचा सौदा चारचौघांच्या देखत कुणालाही न कळता ठरतो. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारातही एके काळी हीच चाल होती. ती मोडण्यासाठी कायदे करावे लागले. वऱ्हाडात कारंजाचा कापूसबाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला, निजामाच्या राज्यात १९३० साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला, महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, तपासलेला काटा, लिहिलेली पट्टी या गोष्टी लोकांनी भांडून मिळवल्या आहेत. बाजार समित्यांत नंतर जी कीड लागली तिचा राग म्हणून हा उजेडच नको म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही.

इथपर्यंत ब्रोदेल आणि माझे सहल नेणारे मित्र एकाच बाजूला दिसतात. पाटी समोर आहे, बाई समोर आहे, भाव समोर ठरतो. मधलं अंतर गेलं, म्हणजे शोषणही गेलं. पण याच ठिकाणी ब्रोदेल मला अपुरा वाटू लागतो. का, ते सीताफळाच्या एका पाटीवरून सांगतो.

दिवाळीच्या आगेमागे माहूरच्या डोंगरात सीताफळं येतात. तोडणारी बाई फळाचे डोळे पाहते. डोळ्यांमधली भेग पांढुरकी-पिवळी झाली की फळ तोडायचं; हिरवीच भेग असलेलं तोडलं तर ते पिकत नाही, वाळतं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत फळ मऊ होतं आणि मग एका दिवसाचा सोबती असतं. म्हणून पाटीत तीन थर असतात. तळाला पाल्यावर कडक फळं, मध्ये उद्या होणारी, वर आज खायची. पहाटे डोंगर उतरून ती बाजारात येते, पालाच्या सावलीची जागा आधीच गेलेली असते म्हणून उन्हात बसते, तैबाजारीची पावती घेते. वरची फळं सुटी विकली जातात, वाट्याने. चार फळांचा एक वाटा, वर एक लहानसं फळ पोरासाठी. इथे तिचा चेहरा मोकळा असतो, बोलणं चालू असतं, भाव तिच्या मनासारखा असतो. समोरचा गिऱ्हाईक बहुधा तिच्याच ऐपतीचा असतो.

एका बाजाराला मी दुपारनंतर तिथेच थांबलो. कोपऱ्यावर टेंपो उभा होता. व्यापारी टेंपोला टेकून चहा पीत होता आणि कुठल्याच पाटीकडे फिरकत नव्हता. उन्हं कलली तशी बायांची चुळबूळ सुरू झाली. मग तो आला.

‘मावशी, पाटी कशी दिली?’

‘दोनशे द्या, दादा.’

‘ऐंशी.’

‘सकाळी दीडशेला मागितली होती, दिली नाही.’

‘सकाळ गेली की. एसटी यायची वेळ झाली, बघा.’

नव्वदला पाटी गेली. या सौद्यात लपलेलं काहीच नव्हतं. काटा नव्हता म्हणून काटा मारला नाही. खोटं कुणी बोललं नाही. भाव सगळ्यांसमोर ठरला, शेजारच्या चार बायांनी ऐकला आणि त्यांच्या पाट्याही त्याच भावाने गेल्या. ब्रोदेलला हवा असलेला सगळा उजेड तिथे होता. तरी भाव दीडशेवरून नव्वदवर आला, कारण एसटी निघून गेली तर पाटी डोक्यावर घेऊन अंधारात डोंगर चढावा लागणार, आणि चढूनही उपयोग नाही, कारण पुढच्या बाजारापर्यंत फळ टिकत नाही. व्यापाऱ्याला हे ठाऊक होतं. बाईला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

बाजारात भाव मालावर ठरतो तितकाच तो वेळेवर ठरतो. माल परत नेण्याची ज्याची ऐपत आहे, त्यालाच ‘नाही’ म्हणता येतं. थेट भेटीने ही ऐपत येत नाही. बाई आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दहा दलाल असोत की एकही नसो, घड्याळ कुणाच्या बाजूने चालतं यावर भाव ठरतो.

ई. पी. टॉमसन या इंग्लिश इतिहासकाराने १९७१ साली अठराव्या शतकातल्या धान्याच्या दंग्यांवर एक निबंध लिहिला. त्यात जुन्या इंग्लिश बाजाराच्या रीतीचं वर्णन आहे. शेतकऱ्याने धान्य थेट बाजारातच आणायचं, वाटेत विकायचं नाही. घंटा वाजली की आधी गरिबांनी थोडं थोडं घ्यायचं, तपासलेल्या मापाने. त्यांचं झालं की दुसरी घंटा वाजायची, आणि मगच मोठ्या व्यापाऱ्यांना खरेदीला परवानगी. बाजारात पोहोचण्याआधी माल अडवून घेणं हा गुन्हा होता. त्याविरुद्धचे कायदे १७७२ मध्ये रद्द झाले आणि उरलासुरला गुन्हाही १८४४ मध्ये पुसला गेला. हे वाचलं तेव्हा मला टेंपोजवळचा माणूस आठवला. त्या बाजारात व्यापारी शेवटी यायचा आणि आमच्या बाजारातही तो शेवटीच येतो. क्रम तोच, परिणाम उलटा. तिथे त्याला थांबवणारी घंटा गावाच्या हातात होती. इथे तो स्वतःहून थांबतो, कारण एसटीची वेळ त्याच्या बाजूने काम करते.

वेळ हातातून का जाते, हे विचारलं की बाजाराच्या दिवसाच्याही मागे जावं लागतं. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पासपोर्टमुळे निजामाच्या राज्यात अडकला. १९४० मध्ये गोंडांच्या उठावाचा नेता कुमराम भीम जोडेघाटात मारला गेला. गोंड का उठले हे सरकारला कळेना, म्हणून हायमेनडॉर्फला आदिलाबादच्या डोंगरांत पाठवण्यात आलं. तो मार्लवाईत गोंडांमध्ये राहिला. राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. बाहेरून आलेले सावकार, व्यापारी आणि जमीनदार यांच्या हाती गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, हे त्याने तेव्हाही लिहिलं आणि पुढे अनेक दशकं परत परत येऊन पाहिलं. किनवट त्या काळी त्याच जिल्ह्यात होतं. ब्रोदेलने बाजाराचा चौक पाहिला. हायमेनडॉर्फने चौकात येणारा माणूस घरून निघतानाच कसा बांधलेला असतो ते पाहिलं. या दोघांत निवडायची वेळ आली तर आज मी हायमेनडॉर्फ निवडेन. ब्रोदेलवर इतकी पानं खर्च केल्यावर हे लिहिताना मला जड जातं, पण पाटीसमोर उभं राहिल्यावर दुसरं काही लिहिता येत नाही.

बांधणारी दोरी म्हणजे उचल. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, आजारपण येतं, बियाणं लागतं. तेव्हा पैसे देणारा माणूस हिवाळ्यात माल घेणारा असतो. अशा घरातून निघालेली पाटी बाजारात मांडली जाते तेव्हा ती खरं तर आधीच विकलेली असते, उघड बोली केवळ दिसायला होते. महाराष्ट्र शासनाला हे कळत नव्हतं असं नाही. आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली स्थापन झालं, १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा आला, एकाधिकार खरेदी सुरू झाली, पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी खावटी कर्ज आलं. कल्पना अचूक होती: उचलीची जागा सरकारने घ्यायची, म्हणजे माल मोकळा राहील. पण केंद्र उशिरा उघडलं, पैसे उशिरा मिळाले, की माणूस पुन्हा टेंपोजवळ जातो. ज्या योजनेचा सगळा अर्थ वेळेत होता, ती वेळेतच हरली.

बाजाराची आणखी एक बाजू सहलीच्या लोकांना दिसत नाही, कारण ते फक्त विकणाऱ्या ओळीत फिरतात. पाटी विकून ती बाई लगेच दुसऱ्या ओळीला लागते. तेलाची पिशवी, मीठ, साबण, चहापत्ती, सुकट, पोराची वही, दुखण्याची गोळी. तेलाच्या पिशवीवर किंमत छापलेली असते. साबणावर असते, वहीवर असते, गोळीच्या पाकिटावर असते. तिथे ती घासाघीस करत नाही, करताही येत नाही. तिच्या सीताफळावर काहीच छापलेलं नसतं. विकताना भाव समोरचा ठरवतो आणि घेताना कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या कंपनीने तो आधीच ठरवलेला असतो. आलेल्या नव्वद रुपयांतून तेलाची पिशवीसुद्धा येत नाही, म्हणून ती सुटं तेल घेते. ब्रोदेलचा वरचा मजला असा या बाजारात येऊन बसला आहे, छापील किमतीच्या रूपात, आणि उघड्या चौकात बसूनही तो कुणाशी बोलत नाही.

हे सगळं डोंगरातलं झालं, आमच्या लातूरला काय त्याचं, असं वाटणाऱ्यांसाठी सोयाबीनचं उदाहरण आहे. लातूर ही डाळींची आणि सोयाबीनची मोठी पेठ. माझं लहानपण गंजगोलाईच्या आसपास गेलं. तिथे १६ रस्ते येऊन मिळतात, आणि प्रत्येक रस्त्याने भाव आपल्याकडे चालत येतो असं तेव्हा वाटायचं. सोयाबीन नासत नाही, सीताफळासारखं रात्रीत फुटत नाही. तरीही २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी त्याच्या कितीतरी खाली सोयाबीन घातलं. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. ती १५ वर नेण्याचा निर्णय नोव्हेंबरात झाला. तोवर दिवाळी होऊन गेली होती, दुकानदाराची उधारी थकली होती, रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं. सोयाबीन थांबू शकत होतं, शेतकरी थांबू शकत नव्हता. डोंगरात एसटी जे करते तेच इथे उधारीची तारीख करते.

थांबण्याची ऐपत देणारी एक योजना आपल्याकडे आहे आणि तिचं कौतुक फार कमी होतं. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजाने, आणि भाव चढला की विकायचं. कुठल्याही घोषणेपेक्षा ही योजना मला मोलाची वाटते, कारण ती शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकवत नाही, तशी ऐपत देते. पण ती गोदामात टिकणाऱ्या मालासाठी आहे. सीताफळाला, भाजीला, मोहाला तारण नाही. डोंगरातल्या बाईला ती लागू होत नाही.

तिला काय लागू होतं, याचं उत्तर गडचिरोलीने दिलं आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या वर्षानुवर्षांच्या कामामागे ग्रामसभा उभी होती. वाहतुकीचे परवाने वनखात्याच्या हातातून ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला, आणि मग गावाने बांबू स्वतः विकला. पुढे विदर्भातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः केले. यातली कळीची गोष्ट वाटाघाटीची वेळ आहे. व्यापाऱ्याला गावाच्या तारखेला यावं लागलं. एकेकटीने विकलेल्या पाटीला ही ताकद नसते, पन्नास घरांच्या एकत्र मालाला असते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. किनवटच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना तोच अधिकार आहे जो मेंढ्याला होता. सीताफळाचा गर काढून गोठवणारं एखादं यंत्र ग्रामसभेच्या ताब्यात असलं, तर संध्याकाळी उरलेली फळं टेंपोत न जाता तिथे जातील, आणि मग टेंपोवाल्यालाही सकाळी यावं लागेल.

आता मित्राच्या सहलीबद्दल. शहरातली माणसं न घासता पैसे देतात, हे खरं आहे. पण ती बारा वाजता येतात आणि तीनला निघतात, वरच्या थरातली फळं घेतात, फोटो काढतात. तळाचा थर टेंपोसाठीच राहतो. गाड्या वाढल्या की वरच्या थराचा भाव चढतो आणि मग गावातलीच मजुरी करणारी बाई आपल्या पोरासाठी वाटा घेऊ शकत नाही. तो बाजार आधी तिचा आहे. आपण तिथे पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने घरच्यांच्या ताटातलं उचलू नये, एवढी रीत मराठवाड्यात अजून आहे.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी रास्त प्रश्न विचारला: मग जाऊ नये का? जावं. पण दिवाळीत जाण्याआधी श्रावणात जावं. जी वीस-पंचवीस कुटुंबं सीताफळासाठी गाडीचं पेट्रोल जाळतात, त्यांनी पावसाळ्यात, घरात धान्य नसतं त्या महिन्यांत, ग्रामसभेकडे आगाऊ रक्कम ठेवावी, बिनव्याजी. माल तळाच्या थरातला घ्यावा, संध्याकाळचा, उरलेला. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरी गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी मिळून असेच करार केले होते, तेइकेइ या नावाने ते अजून चालतात. यात उचलीचे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून न येता खाणाऱ्याच्या खिशातून येतात आणि घड्याळ थोडं तरी बाईच्या बाजूला सरकतं.

ते म्हणाले, आगाऊ पैसे देणं ही दानत झाली, व्यवहार नव्हे. लोक एकदा देतील, दुसऱ्यांदा नाही. मला हे पटत नाही. टेंपोवाला पिढ्यान्‌पिढ्या आगाऊ पैसे देत आला आहे आणि त्याला कुणी दानशूर म्हटलेलं नाही. त्याला त्यात नफा दिसतो म्हणून तो देतो. शेवटी येत्या श्रावणात एका ग्रामसभेसमोर हा प्रस्ताव मांडायचा, इथपर्यंत आमचं जमलं आहे. पाटीचा भाव आधी बांधून घ्यावा असं ते म्हणतात, म्हणजे कुटुंबांना खर्चाचा अंदाज येईल. भाव बाजाराच्या दिवशी बायांनीच ठरवावा, पैसे आधी दिले म्हणून देणाऱ्याचा त्यावर हक्क नसावा, असं मी म्हणतो. या मुद्द्यावर आमचा वाद अजून चालू आहे.